टारचा इलाज गाळणीत नाही, थ्रोटमध्ये आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १० किलोवॅटचा जनरेटर आणि त्याला जोडलेला, स्वतः बांधलेला इम्बर्ट पद्धतीचा डाउनड्राफ्ट गॅसिफायर, म्हणजे लाकडापासून जळणारा गॅस बनवून तो वरून खाली ओढणारं पात्र. थ्रोट, म्हणजे आतला अरुंद गळा, १२० मिलिमीटर, हवेसाठी १२ मिलिमीटर भोकाची पाच नोझल. इंधन म्हणजे उन्हात वाळवलेलं लाकूड, तुकडे साधारण ५० मिलिमीटरचे. पुढे धूळ वेगळी करणारा सायक्लोन, गॅस पाण्यानं धुणारा स्क्रबर आणि भुश्श्याची गाळणी. एवढं असूनही पन्नासेक तासांत इनटेक व्हॉल्व्ह चिकटतात आणि गॅस-हवेच्या मिक्सरमध्ये काळा चिकट थर, म्हणजे टार, सापडतो. भार बहुतेक वेळ ३ ते ४ किलोवॅटच असतो, हेही तुम्ही सांगितलंय. आणि विचारलंय की आता दुसरा स्क्रबर लावू की कापडी फिल्टर?

सध्या दोन्ही नको. तुमची गाळणी कमी पडत नाहीये, गॅसिफायरच टार तयार करून बाहेर सोडतोय. तो जिथे जळायला हवा तिथे जळत नाही, आणि त्याचं मुख्य कारण तुम्ही प्रश्नात जाता जाता सांगून टाकलंय: भार ३ ते ४ किलोवॅट. त्याकडे येतोच.

आधी टार कुठे बनतो आणि कुठे मोडतो ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लाकूड साधारण २५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की त्याचा बहुतांश भाग वाफेच्या रूपात सुटतो आणि मागे कोळसा राहतो. या वाफेतल्या जड संयुगांना आपण टार म्हणतो. ही वाफ सुटणं थांबवता येत नाही, लाकूड आहे म्हणजे ती सुटणारच. डाउनड्राफ्टची सगळी खुबी एवढीच की या वाफेला बाहेर पडायला एकच वाट ठेवायची, आणि ती वाट ११०० ते १३०० अंशांच्या ज्वलन पट्ट्यातून आणि त्याखालच्या लालबुंद कोळशाच्या थरातून न्यायची. ज्वलनात काही वाफ जळते, काही उष्णतेनं तुटते, आणि उरलेली तापलेल्या कोळशाच्या पृष्ठभागावर मोडते. कोळसा इथे नुसतं इंधन नसतो, तो उत्प्रेरकाचंही काम करतो. या वाटेत कुठेही थंड कोपरा, पोकळ बोगदा किंवा आडवाट असली, की तिथून गेलेली वाफ तशीच्या तशी इंजिनाकडे जाते.

आकड्यांत सांगायचं तर अपड्राफ्ट, म्हणजे गॅस वरून बाहेर काढणाऱ्या, गॅसिफायरच्या गॅसमध्ये घनमीटरमागे ५० ग्रॅमच्या आसपास टार असतो, फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (हवेच्या झोतानं उकळल्यासारख्या हलणाऱ्या वाळूच्या थरात) १० ग्रॅमच्या आसपास, आणि नीट चाललेल्या डाउनड्राफ्टमध्ये १ ग्रॅम किंवा त्याहून कमी. इंजिनासाठी सर्वसाधारण मर्यादा १०० मिलिग्रॅमची धरतात, व्हॉल्व्ह दीर्घकाळ स्वच्छ हवे असतील तर ५० च्या खाली. म्हणजे चांगल्या डाउनड्राफ्टलाही थोडी गाळणी लागतेच. पण गॅसिफायरमधूनच ३ ग्रॅम येत असतील, तर तुमच्या गॅसच्या प्रमाणात तासाला ४० ग्रॅम टार झाला. पाण्यानं तो धुतला जाईल असं वाटतं, पण गॅस थंड होताच टारचं बारीक धुकं बनतं. त्याचे थेंब मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असतात आणि पाण्याच्या थेंबाला वळसा घालून गॅससोबत निघून जातात. पहिल्या स्क्रबरमधून जे निसटलं ते दुसऱ्यातूनही बहुतांशी तसंच निसटतं. दुसऱ्या स्क्रबरमुळे वाढेल ते घाण पाणी.

आता थ्रोटचं गणित. इम्बर्ट पद्धतीत एक मोजमाप फार कामाचं आहे: थ्रोटच्या दर चौरस सेंटिमीटरमागे तासाला किती घनमीटर गॅस जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपात लाकडावर चालणाऱ्या गाड्या लाखोंनी होत्या, त्या अनुभवातून हे आकडे आलेले आहेत. कमाल साधारण ०.९. त्यावर गेलं की कोळशाची भुकटी उडते आणि दाब बिघडतो. किमान साधारण ०.३ ते ०.३५, तेही चांगलं उष्णतारोधन असेल तर. त्याखाली गेलं की थ्रोट पूर्ण रुंदीभर तापत नाही. नोझलसमोर पाच लाल ठिपके राहतात आणि मध्ये काळपट गाभा. टार त्या गाभ्यातून जातो.

तुमचे आकडे घालू. ३.५ ते ४ किलोवॅटला, अर्ध्याहून कमी भारावर चाललेल्या लहान इंजिनाला तासाला सुमारे ६ किलो लाकूड लागेल. किलोमागे साधारण २.२ घनमीटर गॅस धरला तर तासाला १३ घनमीटर. १२० मिलिमीटरच्या थ्रोटचं क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटिमीटर. १३ भागिले ११३ म्हणजे ०.१२ सुद्धा नाही. पूर्ण १० किलोवॅटला किलोवॅटतासामागे १.२ किलो लाकूड धरलं तरी २६ घनमीटर, म्हणजे ०.२३. तुमचा गॅसिफायर पूर्ण भारावरसुद्धा किमान मर्यादेच्या खाली चालतोय! १२० मिलिमीटरचा थ्रोट तासाला ९० घनमीटरपर्यंत गॅस देऊ शकतो. तो तीसेक किलोवॅटच्या जनरेटरचा आहे. मोठा बांधला म्हणजे सुरक्षित, ही समजूत बॉयलरला चालते, इथे नाही.

नोझलचंही तेच. गॅसच्या साधारण ६३ टक्के हवा आत येते असं धरा, म्हणजे तासाला ८ घनमीटर. १२ मिलिमीटरच्या पाच भोकांतून ती सेकंदाला जेमतेम ४ मीटर वेगानं येते. हवेचा झोत मध्यापर्यंत पोचायला हा वेग २० ते २५ मीटर असायला हवा. ४ मीटरचा झोत नोझलच्या तोंडाशीच संपतो, मधल्या लाकडाला हवा मिळतच नाही.

दुरुस्ती अशी. थ्रोटमध्ये ७० मिलिमीटर आतल्या व्यासाची रिंग बसवा. क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेंटिमीटर होतं. १३ घनमीटरला ०.३४ आणि २६ घनमीटरला ०.६८, म्हणजे दोन्ही टोकं चौकटीत येतात, खालचं टोक काठावर. ६० मिलिमीटर केलीत तर कमी भारावर आणखी गरम चालेल, पण पूर्ण भारावर ०.९ ओलांडेल. १० किलोवॅट कधीच घेत नसाल तर ६० चा विचार जरूर करा. पाच नोझल तशीच ठेवून भोक ७.५ मिलिमीटरचं करा. पूर्ण भारावर वेग २० मीटरच्या आसपास जाईल, कमी भारावर १० च्या. नोझलची संख्या विषमच ठेवा, म्हणजे एका नोझलचा झोत समोरच्या नोझलवर आदळत नाही. नोझलची पातळी थ्रोटच्या सर्वांत अरुंद जागेपासून ८० ते ९० मिलिमीटर वर हवी आणि उतार ४५ ते ६० अंशांचा. रिंग लहान केली पण नोझल जुन्याच उंचीवर ठेवली, तर मधला भाग पुन्हा थंड राहतो. लोक हे मोजायला विसरतात.

रिंग कशाची करायची ते तुमच्या हाताशी काय आहे त्यावर ठरेल. उष्णतारोधक कास्टेबल सिमेंटची ओतीव रिंग स्वस्त पडते आणि उष्णता धरून ठेवते, पण पहिल्यांदा घाईनं तापवली तर फुटते. ३१० ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची रिंग टिकते, फक्त तिला कडेनं पूर्ण वेल्ड करू नका. तापल्यावर ती प्रसरण पावते, मग एकतर वेल्ड तडकतो नाहीतर रिंग वाकते. ती कडीवर सैल टेकवा आणि मागची फट सिरॅमिक फायबरच्या दोरीनं व चाळलेल्या राखेनं गच्च भरा. ही फट महत्त्वाची. गॅसला रिंगच्या मागून वाट मिळाली, तर थ्रोट कितीही गरम असला तरी काही टार बाजूनं सटकणारच. बाहेरच्या भिंतीला सिरॅमिक वूलचा निदान ५० मिलिमीटरचा थर द्या. लहान गॅसिफायरमध्ये भिंतीतून जाणाऱ्या उष्णतेचं प्रमाण मोठ्याच्या मानानं फार जास्त असतं.

दुसरा उपाय भाराचा आहे. दिवसभर ३ किलोवॅट घेण्याऐवजी जनरेटर थोडे तास ८ ते ९ किलोवॅटवर चालवा आणि जास्तीची वीज बॅटरीत भरा किंवा पाणी तापवायला वापरा. तुमच्या १२० च्या थ्रोटला हे एकटं पुरणार नाही, हे वर दिसलंच. पण रिंग बसवल्यावर ही सवय लावलीत तर टार झपाट्यानं खाली येतो. माझं मत विचाराल तर रिंग आणि बॅटरी ही जोडी कुठल्याही फिल्टरपेक्षा कमी खर्चाची.

आता ओलावा. ‘उन्हात वाळवलेलं’ यावरून काहीच कळत नाही. हाताला कोरडं लागणारं लाकूड आतून २५ टक्के ओलं असू शकतं. ढिगातून चार-पाच ठिकाणचे तुकडे घ्या, फोडून आतला भाग येईल असे १०० ग्रॅम तोला, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा आणि पुन्हा तोला. ८५ ग्रॅम भरले तर ओलावा १५ टक्के. १५ च्या आत असेल तर उत्तम, २० पर्यंत कसंबसं चालतं, त्यापुढे टार वाढणार हे धरून चाला.

कारण साधं आहे. तासाला ६ किलो लाकूड २५ टक्के ओलं असेल तर त्यात दीड किलो पाणी आलं. ते तापवून, वाफ करून, ती वाफ ९०० अंशांपर्यंत न्यायला किलोमागे सुमारे ४.४ मेगाज्यूल लागतात, म्हणजे तासाला ६.६ मेगाज्यूल. लाकडातली एकूण ऊर्जा ८३ मेगाज्यूल आहे, त्यामानानं हे थोडं वाटतं. पण गॅसिफायरमध्ये लाकडाचा सगळा भाग जळत नाही. नोझलपाशी प्रत्यक्ष उष्णता सुटते ती २३ ते २५ मेगाज्यूलच, आणि तिच्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त हिस्सा पाणी खाऊन टाकतं. थ्रोटचं तापमान पडतं ते यामुळे. वाळवण्यासाठी इंजिनाच्या रेडिएटरची गरम हवा फुकट मिळते, ती लाकडाच्या जाळीदार पेटीतून फिरवा. एक्झॉस्टची उष्णता वापरणार असाल तर धूर थेट लाकडात सोडू नका, मधे उष्णता-विनिमयक ठेवा. हॉपरला, म्हणजे लाकूड भरायच्या डब्याला, दुहेरी भिंत करून आतल्या थंड पत्र्यावर वाफ जमू देणं आणि खाली पन्हळीतून पाणी बाहेर काढणं ही जुनी युक्तीही चालते. पन्हळीत जमलेलं पाणी रोज मोजलंत, तर इंधनाचा ओलावा वाढतोय का हेही त्यावरून कळतं.

तुकड्यांच्या आकाराबद्दल. ७० मिलिमीटरच्या थ्रोटला ५० मिलिमीटरचे तुकडे चालणार नाहीत. ते अडकून कमान धरतात, खाली पोकळी होते, आणि पोकळीत हवा व वाफ मोकळी फिरते. तुकडे १५ ते २० मिलिमीटरचे करा आणि सगळे शक्य तितके एकसारखे. ५ मिलिमीटरच्या खालचा चुरा चाळून काढा. चुरा दाब वाढवतो, गॅसला मग सोपी वाट शोधावी लागते आणि थरात बोगदे पडतात. लांब, चपटे, सालीचे तुकडे हे कमान धरण्यात सर्वांत वाईट. इंजिनाच्या कंपनांवर भरवसा ठेवू नका, हॉपरला एक छोटा शेकर मोटर लावा. भुसा किंवा भाताचं तूस वापरायचं असेल तर हा गॅसिफायरच त्या कामाचा नाही. त्यासाठी थ्रोट नसलेली, वरून उघडी रचना लागते आणि तिचं गणित वेगळं.

थ्रोटच्या खालचा कोळशाचा थर हा सर्वांत दुर्लक्षित भाग. थ्रोटपासून तळाच्या जाळीपर्यंत निदान २०० मिलिमीटर, जमल्यास ३०० मिलिमीटर उंची हवी. सुरुवातीला १० ते ३० मिलिमीटरच्या चांगल्या जळालेल्या कोळशानं तो भरा आणि नोझलच्या पातळीच्याही थोडं वर घ्या. अर्धवट जळालेला, तपकिरी छटेचा कोळसा नको, तो स्वतःच टार सोडतो. नंतर थर लाकडापासून आपोआप भरत राहतो, फक्त जाळी हलवण्याचं प्रमाण नीट हवं. जाळी फार हलवली की कोळसा वेळेआधी खाली पडतो, कच्चं लाकूड थ्रोटपाशी येतं आणि वाफ मोडायला जागाच उरत नाही. फार कमी हलवली की राख आणि भुकटी साचून गॅस अडतो.

हे नजरेनं कळत नाही, दाब मोजणाऱ्या मॅनोमीटरनं कळतं. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचे दोन यू पुरतात. पहिल्याचं एक टोक हवेत उघडं आणि दुसरं नोझलच्या पातळीवर गॅसिफायरच्या आतल्या जागेला जोडलेलं. हा नोझलमधला दाबफरक. २० मीटर वेगाला तो निदान अडीच सेंटिमीटर पाण्याइतका दिसायला हवा. आज तुम्ही मोजाल तर एखादा मिलिमीटर दिसेल, आणि वरचं गणित खरं की खोटं ते तिथल्या तिथे कळेल. दुसरा यू जाळीखालच्या जागेला लावा. नवा थर भरून पूर्ण भारावर चालवताना दोन्ही आकडे लिहून ठेवा, तोच तुमचा पाया. पुढे दुसरा आकडा चढत गेला आणि पहिला तसाच राहिला, तर जाळी हलवायची वेळ झाली. दुसरा अचानक पडला, तर थरात बोगदा किंवा पोकळी. दोन्ही एकदम पडले तर इंजिन कमी गॅस ओढतंय किंवा गॅसिफायरच्या पुढे कुठेतरी हवा घुसतेय.

हवा घुसण्याचं थोडं बोलतो. राखेचं दार, जाळीच्या दांड्याची खोबण आणि हॉपरचं झाकण या तीन जागा. खालून हवा घुसली तर तयार झालेला गॅस जाळीपाशीच जळतो. खालचं तापमान चढतं, त्यामुळे सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि गॅस मात्र पातळ होतो. हॉपरमधून हवा घुसली तर आग वर चढते आणि लाकूड थ्रोटपर्यंत येण्याआधीच वाफ सोडून बसतं. थंड असताना ब्लोअरनं हलका दाब देऊन सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की तिथे गॅस्केट.

‘हवेचं प्रमाण वाढवलं की टार कमी होतो’ असं तुम्ही कुठेतरी वाचलंय आणि व्हॉल्व्हनं हवा वाढवायचा विचार करताय. ते वाक्य फ्लुइडाइज्ड बेडसाठी खरं आहे, तिथे हवा आणि इंधन वेगवेगळं ठरवता येतं. तुमच्या गॅसिफायरमध्ये इंजिन जेवढा गॅस ओढेल तेवढी हवा येते, आणि लाकूड आपल्या गतीनं खाली सरकत राहतं. लाकूड आणि हवेचं गुणोत्तर स्वतःच ठरतं, पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या साधारण २५ ते ३५ टक्के. हवेचा व्हॉल्व्ह पिळून तुम्ही फक्त इंजिनाचा श्वास कोंडाल. तापमान वाढवायचंच असेल तर हवा गरम करून द्या: बाहेर पडणारा गॅस दुहेरी भिंतीतून फिरवून आत येणारी हवा २०० ते ४०० अंशांपर्यंत तापवता येते. गॅस थंड होतो, थ्रोट तापतो, दोन कामं एकाच पत्र्यात.

तापमान मोजायला के प्रकारचे दोन थर्मोकपल घ्या, जाड स्टेनलेस आवरणाचे. एक थ्रोटच्या २० ते ३० मिलिमीटर खाली, दुसरं जाळीच्या जरा वर. ज्वलन पट्ट्यात घालू नका, तिथे ते लवकर जळतात. वरचं ९०० च्या आसपास किंवा पुढे आणि खालचं ७०० च्या आसपास असेल तर गॅसिफायर आपलं काम करतोय. वरचं ८०० च्या खाली असताना गॅस इंजिनात सोडू नका. हा एक नियम पाळलात तरी अर्धी तक्रार मिटेल, कारण सगळ्यात जास्त टार पेटवल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत येतो. तोपर्यंत ब्लोअरनं ओढून गॅस फ्लेअरला, म्हणजे बाहेरच्या उघड्या बर्नरवर, जाळा. फ्लेअरची ज्योत निळसर, जवळजवळ अदृश्य झाली की चांगलं चिन्ह. पिवळी-नारिंगी, धूर सोडणारी ज्योत म्हणजे अजून थांबा. पण ज्योतीच्या रंगावर एकट्यावर निर्णय घेऊ नका, थर्मोकपल आणि कागद या दोघांची साक्ष घ्या.

कागदाची चाचणी अशी. फिल्टरनंतरच्या पाइपला छोटी तोटी बसवा, तिथून हातपंपानं गॅस पांढऱ्या गाळण कागदातून ओढा, दर वेळी तेवढेच झोके. डाग राखाडी-काळा आणि कोरडा असेल तर ती कोळशाची भुकटी. पिवळा किंवा तपकिरी, बोटाला चिकटणारा, उग्र वासाचा असेल तर टार. हेच गॅसिफायरच्या लगेच पुढे करा, म्हणजे गाळणी किती पकडते आणि गॅसिफायर किती सोडतो हे वेगळं कळेल. अचूक आकडा हवा असेल तर आयसोप्रोपॅनॉल भरलेल्या बाटल्यांच्या साखळीतून गॅस नेण्याची प्रमाणित पद्धत आहे, पण तुमच्या कामाला कागद पुरेसा आहे. गॅसचं पृथक्करण करायची सोय असेल तर मिथेनवर नजर ठेवा. तो २ टक्क्यांच्या आसपास अपेक्षित आहे. तो चढत असेल तर बहुतेक वेळा टारही चढलेला असतो, दोघांचं मूळ एकच, अपुरं तापमान.

गाळणीची साखळी आता, म्हणजे वरचं सगळं झाल्यावर. सायक्लोन गॅसिफायरला खेटून आणि वरून उष्णतारोधन करून बसवा. तो थंड पडला तर टार आणि भुकटी मिळून आत घट्ट लेप धरतो. त्यानंतर गॅस थंड करा, पाण्यात न धुता, पाइपांच्या कूलरमध्ये, आणि खाली जमणारं पाणी काढायला तोटी ठेवा. शेवटी भुश्श्याची गाळणी, खाली भरड, वर बारीक. गाळणीतून गॅस हळू जायला हवा. तुमच्या गॅसला ४०० ते ५०० मिलिमीटर व्यासाचा डबा द्या. लांब आणि अरुंद पाइपात भुसा भरणं निरुपयोगी. कापडी फिल्टर यात सर्वांत शेवटी येऊ शकतो, पण गॅस त्याच्याआधी पाणी सुटण्याच्या तापमानाच्या थोडा वर असायला हवा, नाहीतर कापड ओलं होऊन बंद पडतं. टार जास्त असलेल्या गॅसला कापड लावलं तर ते एका दिवसात चामड्यासारखं होतं. पाइपांत पांढरट-पिवळे पापुद्रे दिसले तर ते नॅप्थालीन. ते ८० अंशांच्या खाली घट्ट होतं, म्हणून थंड वळणांवरच सापडतं.

डोलोमाइट किंवा निकेल उत्प्रेरकाबद्दलही तुम्ही विचारलंय. भाजलेला डोलोमाइट ८०० ते ९०० अंशांना टार मोडतो हे खरं, पण तो ठिसूळ आहे आणि त्याची भुकटी उडते. निकेल जास्त प्रभावी, पण गंधकानं आणि कार्बन साचल्यानं मरतो. दोन्ही मोठ्या फ्लुइडाइज्ड बेड संयंत्रांची साधनं आहेत. ऑस्ट्रियातल्या ग्युसिंगच्या संयंत्रात तर बेडमध्येच ऑलिव्हिन खनिज वापरलं होतं. तुमच्याकडे फुकटचा उत्प्रेरक आधीच आहे, कोळशाचा थर. तो गरम आणि पुरेसा जाड ठेवा. भविष्यात नवा गॅसिफायर बांधणार असाल तर मात्र दोन टप्प्यांची रचना अभ्यासा. लाकूड आधी वेगळ्या पात्रात तापवून वाफ काढायची, ती वाफ हवेच्या झोतात साधारण ११०० अंशांना अर्धवट जाळायची आणि मग कोळशाच्या थरातून न्यायची. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात २००२ पासून चाललेला ७५ किलोवॅट औष्णिक क्षमतेचा ‘व्हायकिंग’ गॅसिफायर याच तत्त्वावर होता आणि त्याच्या गॅसमधला टार इंजिनाच्या मर्यादेच्या बराच खाली राहिला. बांधायला तो अवघड, चालवायला त्याहून.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी नोझलचा दाबफरक आणि लाकडाचा ओलावा मोजा, यात पैसे लागत नाहीत. मग थर्मोकपल. त्यानंतर रिंग, नोझल आणि तुकड्यांचा आकार, तिन्ही एकाच वेळी, कारण एक बदलून बाकीचे तसेच ठेवले तर निकाल फसवा येतो. गाळणी शेवटी.

दरम्यान इंजिन सांभाळा. टार गरम असताना मऊ असतो आणि थंड झाला की व्हॉल्व्हला धरून बसतो. म्हणून थंड इंजिन सुरू करण्याआधी हातानं दोन-तीन फेरे फिरवा. कुठे अडलं तर स्टार्टर मारू नका, पुशरॉड वाकेल. बंद करताना शेवटची काही मिनिटं पेट्रोलवर चालवलंत तर व्हॉल्व्हच्या दांड्या बऱ्याच स्वच्छ राहतात. स्क्रबरमधलं आताचं पाणी फिनॉलयुक्त आहे, ते जमिनीत किंवा गटारात सोडू नका. बंद पिंपात साठवा आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्याकडेच द्या. गाळणीतला टार लागलेला भुसा मात्र पूर्ण वाळवून थोडा थोडा लाकडात मिसळून गॅसिफायरलाच परत देता येतो. आणि हे सगळे सांधे उघडताना लक्षात ठेवा की या गॅसमध्ये २० टक्क्यांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. राखेचं दार गॅसिफायर पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका, काम उघड्यावर करा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म छातीवर, नाकाजवळ लावूनच गॅसिफायरजवळ जा.